सुनंदाताईंची होडी

धुकं विरता विरता चंदीगडच्या अंगणात जो उजेड उतरतो त्याला रंग नसतो, नुसती ऊब असते. पौषातल्या अशा उजेडात सुनंदाताई होडीपाशी उकिडव्या बसलेल्या असत. उजव्या हातात छोटा हातोडा उलटा धरलेला, डोळे मिटलेले, मान किंचित डावीकडे कललेली. हातोड्याची लाकडी मूठ होडीच्या पाठीवर हलकेच आपटायची आणि ऐकायचं. जिथे फायबर धड असेल तिथून कोरडा, खणखणीत नाद यायचा. जिथे आतले थर एकमेकांपासून सुटून मध्ये पाणी शिरलं असेल तिथून कच्च्या मडक्यासारखा बद्द आवाज. बद्द आवाज आला की त्या डोळे उघडत, खडूनं तिथे एक वर्तुळ काढत आणि पुन्हा डोळे मिटत. रोग्याच्या छातीवर बोटं वाजवून पाहणाऱ्या जुन्या वैद्याची एकाग्रता त्या मिटल्या डोळ्यांत होती. चार-पाच सकाळींत त्या चौदा फुटी निळ्या देहावर तीसेक पांढरी वर्तुळं उमटली, आणि ती सगळी एकदम पाहून मला वाटलं, हे काही व्हायचं नाही.

त्यांना तसं वाटलं नव्हतं. कमरेवर हात ठेवून त्यांनी वर्तुळं पाहिली आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता कुठे दुखतंय ते तरी कळलं."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू. सेक्टर तीसमधल्या एका प्रयोगशाळेत यंत्रांच्या कंपनांवर संशोधन करायला आलेली, मूळची जालन्याकडची. ज्या गावात पाणी टँकरनं येतं आणि होडी शाळेच्या पुस्तकातल्या चित्रातच असते, तिथली. सुनंदाताई देवगडच्या बाजूच्या, समुद्राला चिकटून असलेल्या एका मच्छीमारांच्या वाडीतल्या. आडनाव तांडेल; म्हणजे होडीवरचा म्होरक्या. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरातले पुरुष होड्या घेऊन समुद्रात जात आले होते. सुनंदाताई मात्र ऐन तारुण्यात मुंबईला कृत्रिम हातपाय बनवण्याचं शिक्षण घेऊन, समुद्रापासून जितकं दूर जाता येईल तितकं दूर, हिमालयाच्या पायथ्याच्या या शहरात आल्या, आणि एका रुग्णालयाच्या कार्यशाळेत त्यांनी पस्तीस-छत्तीस वर्षं लोकांना पाय करून दिले. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर हाउसिंग बोर्डाच्या या छोट्या घरात, पुढच्या अंगणातल्या पेरूच्या झाडाखाली, त्या सकाळी वर्तमानपत्र वाचत आणि संध्याकाळी चालायला जात. बोटं अजूनही विलक्षण स्थिर होती. चहाचा पूर्ण भरलेला कप त्या जिना चढून मला आणून देत आणि बशीत एक थेंब सांडलेला नसे.

त्यांचा धाकटा भाऊ दत्ताराम त्यांच्याकडे राहायला आला आणि त्या घराचा ऋतू बदलला.

दत्तूकाकांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेलेला होता. जाळं ओढताना दोराचा फास पायात अडकला आणि पाय गेला, होडी विकावी लागली, मग दोन वर्षांनी बायकोही गेली. समुद्राकडे तोंड करून असलेल्या घरात हा माणूस एकटाच बसून राहतो, जेवतो न जेवतो, असं शेजाऱ्यांकडून कळल्यावर सुनंदाताई स्वतः गावी गेल्या आणि दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास करून त्याला घेऊन आल्या. भावासाठी त्यांनी पूर्वीच पाय करून ठेवला होता, आपल्या हातानं, त्याच्या उरलेल्या पायाचं माप घेऊन. त्याला बूटसुद्धा चढवलेला. तो पाय खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा असे, आणि दत्तूकाका कुबड्या शेजारी ठेवून व्हरांड्यातल्या खुर्चीत बसत. समोर अंगण असताना खुर्ची भिंतीकडे वळवून बसत. त्या वर्षी धुकं दाट होतं, सूर्य दुपारी बारालाही पुसट चंद्रासारखा दिसे, आणि त्या करड्या प्रकाशात त्यांची पाठ घराचाच एक खांब वाटायची. एकदा मी धीर करून विचारलं, "काका, पाय का नाही लावत?"

त्यांनी माझ्याकडे न पाहता उत्तर दिलं, "चालान जावचा खंय?"

चालून जायचं कुठे. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सुनंदाताईंनी ते ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसलं नाही. कार्यशाळेत एखादं अवघड माप समोर आल्यावर दिसत असावी तशी, विचारात पडलेल्या कारागिराची आठी दिसली.

त्यानंतर आठवडाभरानं आम्ही दोघी गच्चीवरच्या टाकीचं झाकण शोधायला डेराबस्सीच्या बाजूच्या एका भंगाराच्या आवारात गेलो. औषधांच्या कारखान्यांतून आलेली निळी पिंपं, गंजलेले पत्रे, मोडक्या खुर्च्या, आणि त्या सगळ्यांमागे, भिंतीला कलती लावून ठेवलेली एक होडी. उन्हानं निळा रंग पांढुरका झालेला, पोटात पावसाचं पाणी आणि कुजका पाला, मागची फळी बोटानं टोकरली तर ओल्या पावासारखी तुटणारी. हिमाचलातल्या एका धरणाच्या जलाशयावर ती मासेमारीला होती, आणि तिथल्या मच्छीमार सोसायटीनं निकामी म्हणून काढून टाकली, असं भंगारवाल्या सरदारजींनी सांगितलं. सुनंदाताई तिच्याभोवती दोनदा फिरल्या. मग तळहात तिच्या कण्यावर ठेवून उभ्या राहिल्या.

"मैडम जी, इसका क्या करोगे? यहाँ तो पानी ही नहीं है," सरदारजी हसून म्हणाले.

"पानी बाद में देखेंगे," सुनंदाताई म्हणाल्या. टाकीचं झाकण आम्ही विसरूनच आलो.

दुसऱ्या दिवशी छोट्या टेंपोतून होडी आली. फाटकातून ती जाईना. मग चार माणसांनी कुंपणाच्या मेंदीवरून उचलून हिरवळीवर, विटांच्या दोन ओट्यांवर पालथी ठेवली. घरापुढची अख्खी मोकळी जागा तिनं व्यापली. फाटकाकडे जायचं तर तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, वळसा घालावा लागे. गल्लीतले लोक थांबून पाहू लागले. दत्तूकाका व्हरांड्यात पाठमोरे बसलेले होते. बराच वेळ ते हलले नाहीत. मग मान वळवून त्यांनी एकदा पाहिलं, आणि तीन आठवड्यांत प्रथमच आपणहून बोलले.

"ही होडी नाय. ह्यो टब आसा, न्हाणीतलो."

थोड्या वेळानं व्हरांड्यातून पुन्हा आवाज आला, आता चिडका: "आणि अशी कोण ठेवता? नाळ भिंतीकडे करून?"

सुनंदाताईंनी निघालेल्या माणसांना हाक मारून परत बोलावलं आणि होडी उलट फिरवून घेतली, नाळ रस्त्याकडे, उघड्या आभाळाकडे. संध्याकाळी जेवताना दत्तूकाकांनी सांगून टाकलं, "माका शिमग्याक घराक धाड." शिमगा, म्हणजे होळी, दोन महिन्यांवर होती. त्या रिकाम्या घरात परतून हा माणूस काय करणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. सुनंदाताईंनी त्यांच्या ताटात भात वाढला आणि म्हणाल्या, "होडी पाण्यात जावंदे, मगे जा." होडी पाण्यात जाऊ दे, मग जा. जणू ती गोष्ट त्यांच्यात पूर्वीच ठरलेली असावी.

ते काम कसं असतं हे मी तेव्हा पाहिलं. फायबरची होडी म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची चटई आणि ती घट्ट धरून ठेवणारं रेझीन, थरावर थर. सुनंदाताईंना हे द्रव्य परकं नव्हतं. कृत्रिम पायाची वाटी, ज्यात उरलेला पाय बसतो, ती त्या अशाच थरांनी घडवत आल्या होत्या. "पाय काय नि होडी काय," त्या म्हणायच्या, "आत हवेचा बुडबुडा राहिला की एक दिवस तिथेच फुटणार." तोंडावर मुखपट्टी, डोळ्यांवर चष्मा, डोक्याला घट्ट बांधलेला जुना पंचा, आणि ग्राइंडर घेऊन त्या एकेका वर्तुळाला भिडल्या. सडलेला भाग कापून काढायचा, कडा उतरत्या घासायच्या. शेजारी धूळ जाऊ नये म्हणून मी दोऱ्यांवर ओल्या चादरी बांधायची. काचेची ती धूळ कपड्यांतून आत शिरून अंगाची लाही करी. सुनंदाताई थंडगार पाण्यानं हात धुऊन पुन्हा उभ्या राहत. करड्या धुक्यात, ओल्या चादरींच्या आड, पांढऱ्या धुळीनं माखलेली त्यांची ठेंगणी आकृती पाहताना त्यांचं वय कळत नसे, त्या स्त्री आहेत की पुरुष हेही कळत नसे. दिसे ती एक अविचल वाकलेली पाठ आणि तिच्यातून हातांकडे वाहत जाणारी इच्छा.

पण घाई त्यांच्याकडूनही झाली. शिमगा जवळ येत होता. माघातल्या एका बऱ्यापैकी उन्हाच्या दिवशी त्यांनी रेझीन कालवलं आणि होडीच्या तळाला, सगळ्या वर्तुळांवर, एका दिवसात चटईचे तीन थर चढवले. कार्यशाळेत उबदार खोली असे. अंगणात उन्हाची ऊब तीनच्या सुमारास संपली आणि डोंगरावरून गार वारा उतरला. दुसऱ्या दिवशी रेझीन चिकट होतं. चौथ्या दिवशी चिकट होतं. आठव्या दिवशी सुनंदाताईंनी अंगठा टेकवून पाहिला, आणि अंगठ्याचा ठसा त्यात मधात उमटावा तसा उमटला. सुकलंच नव्हतं, आणि आता सुकणारही नव्हतं.

व्हरांड्यातली पाठ कान देऊन होती, हे मला जाणवत होतं. सुनंदाताईंनी अंगठा पंच्याला पुसला. "चूक माझी," त्या म्हणाल्या. "गारठ्याशी भांडायला गेले." आणि खरवडणी घेऊन त्या तिथेच बसल्या. वाया गेलं ते एका दिवसाचं नव्हे, घासण्यापासूनचं तीन आठवड्यांचं काम होतं; तो चिकट लगदा वीत वीत खरवडून काढायला आणखी दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत त्यांनी एकदाही उसासा टाकलेला मी ऐकला नाही. तेव्हाच, कितव्या दिवशी ते मला सांगता येणार नाही, व्हरांड्यातली खुर्ची भिंतीकडून अर्धी वळलेली मला दिसली.

त्याच सुमारास शेजारच्या बत्रा आंटी फाटकाशी आल्या. "सुनंदा जी, बुरा मत मानना, पर इस बदबू से मेरा तो सिर फट जाता है." त्या भांडायला आल्या नव्हत्या, खरोखरच त्यांचं डोकं दुखत होतं. सुनंदाताईंनी त्यांना आत नेऊन चहा दिला. आंटी रोज सकाळी अकरापासून दोन वाजेपर्यंत लेकीकडे जातात हे कळल्यावर त्यांनी शब्द दिला की रेझीनचं काम तेवढ्याच वेळात होईल. दिवसाचे तीन तास. काम लांबणार होतं, पण शब्द दिला तो दिला.

फाल्गुन आला. रस्त्याकडेच्या सावरींना पानांआधी लालभडक फुलं आली आणि पडून फरशीवर त्यांचा चिखल होऊ लागला. ऊन तापू लागलं, आणि आता रेझीन धरू लागलं. होळीच्या दिवशी गल्लीत रंग उडत होते. सुनंदाताई नव्यानं बसवलेल्या थरांची परीक्षा घेत होत्या, डोळे मिटून, मूठ आपटत, ऐकत. खणखणीत, खणखणीत, खणखणीत. त्या पुढे सरकल्या.

"थंय नाय," व्हरांड्यातून आवाज आला. "मागे. वीतभर खाली. थंय पोकळ आसा."

सुनंदाताईंनी मागे सरून तिथे मूठ आपटली. मी कंपनांचं शास्त्र शिकलेली बाई, मला काही फरक कळला नाही. त्यांनी पुन्हा आपटली, मग कान होडीला लावला, आणि सावकाश खडू उचलून वर्तुळ काढलं. वर पाहिलं तेव्हा दत्तूकाका कुबड्यांवर उभे होते. आयुष्यभर होड्यांच्या पोटातून पाण्याचा आवाज ऐकलेला तो कान व्हरांड्यातून जे ऐकत होता, ते आमच्यापैकी कुणालाच जवळून ऐकू आलं नव्हतं. शिमग्याला घरी जायची गोष्ट त्या दिवशी त्यांनी काढली नाही, आणि आम्हीही नाही.

कुबड्या घेऊन होडीचं काम होत नाही; दोन्ही हात अडकतात. चैत्रातल्या एका सकाळी मी जिना उतरून आले तर दत्तूकाका होडीच्या मागच्या बाजूला उभे होते, दोन पायांवर, दोन्ही हातांनी नवी फळी दाबून धरून. आणि सुनंदाताई तिला पेच आवळत होत्या. मध्येच एकदा सुनंदाताईंची नजर भावाच्या पायाकडे गेली, वाटी नीट बसली आहे ना, भार सरळ पडतो आहे ना हे पाहणारी, पूर्णपणे कारागिराची नजर. आणि मग ती नजर चटकन पेचाकडे वळली, कारण तिच्यात पाणी आलं होतं.

बहावा फुलला, रस्तेच्या रस्ते पिवळे झाले. उन्हाळ्यातला तापलेला वारा, लू, वाहू लागली तेव्हा रेझीन दहा मिनिटांत भांड्यातच घट्ट होऊ लागलं, म्हणून दोघं भल्या सकाळी घासकाम करत आणि अकराला थोडं थोडं रेझीन कालवून चढवत. घासून घासून तो देह गुळगुळीत झाला. मग निळा रंग. आणि रंगाच्या त्या दिवसांत, आषाढातल्या एका दमट सकाळी, मला ती गोष्ट कळली जी त्या दोघांमध्ये पन्नास वर्षं न बोलता पडून होती.

होडी आता सुलटी केली होती. आतली बाजू रंगवायची होती. सुनंदाताई बाहेरून वाकून, हात जाईल तितका लांब नेऊन ब्रश फिरवत होत्या. मी म्हटलं, "ताई, आत बसा ना. सोपं जाईल." त्यांनी एक पाय उचलला, काठावर नेला, आणि परत खाली ठेवला. पलीकडून दत्तूकाका हे पाहत होते. त्यांच्या हातातला ब्रश थांबला.

"ताय," ते म्हणाले. "तेवा बाबांका मियाच सांगितलंय."

मला अर्थ लागला नाही. सुनंदाताई मात्र जागच्या जागी स्थिर झाल्या. त्यांच्या वाडीत, हे ताईंनीच मला नंतर सांगितलं, बायकांनी होडीत चढायचं नाही अशी रीत होती. बारा वर्षांच्या सुनंदानं एकदा दुपारी, किनारा ओस असताना, वडिलांच्या होडीत चढून वल्हं हातात घेऊन पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी जाळं रिकामं आलं. त्या संध्याकाळी सगळ्या वाडीदेखत वडिलांनी तिला मारलं, होडी धुतली, नारळ फोडला. पुढे ती शिकायला म्हणून जी गेली ती परत राहायला आली नाही. त्या दुपारी माडांच्या आडून तिला पाहणारा एकच जण होता, नऊ वर्षांचा दत्तू.

"माका म्हायत आसा," सुनंदाताई म्हणाल्या. मला माहीत आहे.

"कधीपास्ना?"

"त्याच दिसापास्ना. तुझ्या तोंडावर दिसत होता."

दत्तूकाकांचा आवाज खोल गेला. "मगे इतकी वर्सा बोललंस कित्याक नाय?" मग इतकी वर्षं बोलली का नाहीस.

सुनंदाताईंनी ब्रश डब्याच्या काठावर निथळला, शांतपणे, दोन्ही बाजूंनी. "तू सांगशील म्हणान वाट बघी होतंय."

पेरूच्या झाडावर पोपट ओरडत होते. मी निमित्त काढून वर निघून गेले. जिन्याच्या खिडकीतून दिसलं ते इतकंच, की दोघं होडीच्या दोन बाजूंनी पुन्हा रंग देऊ लागली होती, आणि दत्तूकाका लांबच्या जागा स्वतः रंगवत बहिणीच्या बाजूपर्यंत येत होते. सुनंदाताई त्या दिवशी आत चढल्या नाहीत.

होडी तयार झाली आणि पाण्याचा प्रश्न समोर आला. शहरातल्या तलावाच्या कचेरीत सुनंदाताई स्वतः गेल्या. तिथल्या माणसानं नम्रपणे सांगितलं, "मैडम, यहाँ प्राइवेट बोट अलाउड नहीं है." त्यांनी मान हलवली, आभार मानले, आणि तिथून थेट डेराबस्सीला जाऊन सरदारजींकडून त्या जलाशयावरच्या सोसायटीचा पत्ता घेतला. आठवड्याभरात सोसायटीचे एक म्हातारे सभासद, जगतराम, आमच्या अंगणात उभे होते. आपणच टाकून दिलेली होडी त्यांनी बराच वेळ ओळखलीच नाही. वाकून, हात फिरवून, मागची फळी ठोकून त्यांनी विचारलं, "बहन जी, किसने बनाई?" सुनंदाताईंनी भावाकडे बोट दाखवलं, त्याच क्षणी भावानं बहिणीकडे. ठरलं ते असं, की होडी सोसायटीची, कायमची, तिच्यावर पोट असलेल्या माणसांसाठी. फक्त पहिला दिवस या दोघांचा. नाव काय लिहायचं, मी विचारलं. सुनंदाताई म्हणाल्या, "नाव नको, बाय. नाव ठेवलं की परत मागावीशी वाटते."

आश्विनात, धरण काठोकाठ भरलेलं असताना, टेंपो पिंजौरवरून नालागढच्या वाटेनं डोंगरात शिरला. मागे ताडपत्रीखाली होडी, पुढे आम्ही तिघं. जलाशय दिसला तेव्हा दत्तूकाकांनी खिडकीची काच पूर्ण खाली केली आणि नाकानं खोल श्वास घेतला, मग किंचित हिरमुसून म्हणाले, "मिठाचो वास नाय." पण नजर पाण्यावरून काढली नाही. डोंगरांच्या मधे ते पाणी हिरवंगार, अथांग, निःशब्द पसरलं होतं.

जगतराम आणि आणखी दोघांनी होडी उतारावरून पाण्यात लोटली. ती एकदा डोलली, मग सावरून शांत तरंगत राहिली. दत्तूकाका किनाऱ्याच्या चिखलातून तोल सांभाळत गेले, काठ धरून चढले, आणि मागच्या फळीवर जाऊन बसले. त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. इतके महिने मी ज्यांना ओळखत होते ते हे नव्हेत, असं मला वाटलं. किंवा हेच होते, आणि ती व्हरांड्यातली पाठ दुसऱ्या कुणाची तरी होती.

"ताय, चढ," ते म्हणाले.

सुनंदाताई पाण्याच्या कडेशी उभ्या होत्या. साडी पोटरीपर्यंत खोचलेली, पाय पाण्यात. आयुष्यभर दुसऱ्यांची पावलं जमिनीवर नीट पडावीत म्हणून झटलेल्या त्या बाईला आपलं स्वतःचं पाऊल उचलता येत नव्हतं. अखेर त्यांनी अगदी लहान आवाजात विचारलं, "खंयचो पाय आधी?"

दत्तूकाका हसले. त्यांचं हसणं मी प्रथमच ऐकलं. "खंयचोय घाल. होडयेक काय कळता!"

त्यांनी भावाचा हात धरला आणि चढल्या. बसल्याबरोबर पहिली गोष्ट केली ती ही, की ओणवून होडीच्या तळावर, सांध्यासांध्यावरून, सगळीकडे तळहात फिरवला. हात वर करून पाहिला. कोरडा होता. मग त्यांनी वल्ही उचलली. पहिले चार-पाच हात वाकडे पडले, पाणी उडालं, होडी गोल फिरली. मागून दत्तूकाकांचा आवाज आला, तांडेलाचा, आज्ञा करणारा, कसलीही कीव नसलेला आवाज, आणि वल्ही लयीत पडू लागली. मी काठावरच राहिले, मला पोहता येत नाही. दोन आकृत्या उन्हाच्या चकाकीत लहान लहान होत गेल्या, आणि मग त्यांच्यातली कोणती बहीण आणि कोणता भाऊ हे मला सांगता येईना.

दत्तूकाका परत आमच्याबरोबर चंदीगडला आले नाहीत. सोसायटीला जाळी विणणारा, दुरुस्त करणारा माणूस हवा होता. जगतरामांनी किनाऱ्यावरची एक खोली दिली. शिमग्याला ते गावी जातात, पालखी पाहतात आणि परत डोंगरात येतात. सुनंदाताई दर महिन्याला बसनं तिकडे जातात आणि सकाळभर एकट्या वल्हवतात.

माझं संशोधन संपलं, मी तिथून निघाले. दोन वर्षांनी काही कामासाठी गेले तेव्हा अर्थातच त्यांच्याकडे उतरले. होडी नेली त्या दिवशी हिरवळीवर तिच्या आकाराचा फिकट, पिवळट ठसा राहिला होता, उन्हावाचून मेलेल्या गवताचा. आता तो कुठेच नव्हता. सगळीकडे सारखंच दाट, ओलं गवत होतं. निरोप घेऊन मी निघाले, सुनंदाताई फाटकापर्यंत पोहोचवायला आल्या. बोलता बोलता आम्ही दोघीही सरळ न जाता डावीकडे वळलो, चौदा फूट कडेकडेनं चाललो, जिथे नाळ होती तिथे वळसा घेतला आणि फाटकाशी पोहोचलो. तेव्हा कुठे एकमेकींकडे पाहिलं. काळ रिकामी जागा फार लवकर बुजवून टाकतो. जे तिथे होतं त्याला वळसा घालत आपण मात्र पुढे किती वर्षं चालत राहतो.